टंच

चाळीस वर्षं मी गलाईचं काम केलं.
सेलमच्या एका गल्लीत, आठ बाय दहाच्या खोलीत,
मूस, टांकणखार, तेजाबाचा पिवळा धूर.
सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा आम्ही जाळायचो
आणि राखेतून सोनं काढायचो, गुंजभर.
कसोटीवर एक रेघ ओढली
की टंच सांगायचो. आकडा चुकायचा नाही.

पोराचा मात्र नऊ वर्षं चुकत आला.

शालन सांगायची, आज घेतलीय.
मी म्हणायचो, दमलाय.
ती म्हणायची, मंगळसूत्रातली एक वाटी नाही.
मी म्हणायचो, पडली असंल, हुडक.
हुडकत राहिली बिचारी,
पलंगाखाली, न्हाणीत, पिठाच्या डब्यात,
सगळं ठाऊक असून.

शेवटी तिनंच विट्याच्या स्टँडवर मिरजेची गाडी धरली,
त्याला खिडकीकडं बसवून.
मी मागच्या सीटवर, मांडीवर त्याची पिशवी.
तासगावच्या आसपास बेदाण्याची शेडं लागली,
हिरवी जाळी, आत द्राक्षं सुकत पडलेली.
तो म्हणाला, आप्पा, पाणी.
त्याच्या हातांना बाटली सापडत नव्हती.

पहिले पाच दिवस भिंतीवर मुंग्या होत्या,
फक्त त्याला दिसणाऱ्या.
सलाईन उपसायचा, तमिळमधून चांदीचा भाव विचारायचा,
नर्सबाईला, मला, खाटेच्या दांड्याला.
एकदा मी भाव सांगितला.
तेव्हा कुठं झोपला.

भेटायला आलेले पाहुणे म्हणाले,
"आगीतून गेल्याशिवाय सोनं उजळत नाही, आप्पा."
मी मान हलवली. पाहुण्यांशी काय वाद घालायचा.
पण भट्टीपाशी बसलेल्याला माहीत असतं,
आगीत सोन्याला काही होत नाही.
फुफ्फुस जळतं ते माणसाचं.

तिसऱ्या आठवड्यात घरच्यांची बैठक.
गोलात मांडलेल्या खुर्च्या, मध्ये पाण्याचा तांब्या.
मॅडमनी विचारलं, जालिंदर, पहिला घोट कधी?
"आठवत नाही."
त्याला आठवत होतं.
मी त्याच्या मानेवरून ओळखलं.
लहानपणी आईपासून माझी विडी लपवायचा
तेव्हा अशीच ताठ असायची.

मग मीच बोललो.
"सेलमला. हा एकोणीसचा.
तेजाबाचा धूर घशात बसलेला, खोकून खोकून डोळे लाल.
आम्ही सगळेच घ्यायचो, धुराला उतारा म्हणून.
स्टीलच्या पेल्यात ओतून मी दिली.
म्हटलं, औषध आहे, डोळे मीट, पी."

कुणी काही बोललं नाही.
पंखा फिरत होता.
शालननं तांब्यातलं पाणी ओतलं,
आधी मला दिलं.

घरी आल्यावर सकाळची गोळी शालनसमोर.
ऋतुजा कॅलेंडरवर फुली मारायची.
सत्तेचाळीस फुल्या झाल्या आणि यात्रा आली.
त्या रात्रीचं सांगत नाही.
सकाळी तो स्वतःच उठून बसला,
शालनला म्हणाला, मिरजेला फोन लाव.
ऋतुजानं जुन्या फुल्या खोडल्या नाहीत.
पुढच्या चौकोनात लाल पेनानं
नुसता एक लिहिला.

आता तो मागावर जातो, इथंच, विट्यात.
स्टँडशेजारचं दुकान टाळून
शाळेला वळसा घालून येतो, सायकलनं,
अकरा मिनिटं जास्त लागतात.
बारावं लागलं की
मी आणि शालन दाराकडं न बघायचं काम करतो.

काल आला. केसात सुताचा भुगा.
कुणी न सांगता माझ्यासमोर वाकला,
तोंड उघडून श्वास सोडायला लागला,
दागिना कसोटीपुढं धरावा तसा.

मी मान फिरवली.
म्हटलं,
भाकरी निवतीय, जा.