डाग

पुढे चाकं, मागे पट्टे.
पुढून मोटार, मागून रणगाडा,
आणि मधोमध, चालकाच्या पायाशी,
माझा डाग.

एकोणचाळीसच्या हिवाळ्यात दिलेला,
सीनकाठच्या शेडमध्ये,
नकाशात होता त्याहून चार बोटं लांब,
ल्युसिएनच्या पायांना वारा लागू नये म्हणून.
भाऊ असलीच गाडी चालवायचा.
कुठली, ते कसं कळावं?
म्हणून सगळ्याच गाड्यांना.

मेमध्ये त्या गेल्या. जूनमध्ये देश.
ल्युसिएनचं कार्ड आलं छावणीतून: मोजे पाठव.

तीन वर्षं परक्याकडे नांदून
त्या एकेक करून परत आत आल्या,
राखाडी, दारावर काळा क्रूस.
मी रंग खरवडला. राखाडीखाली हिरवा,
हिरव्याखाली मीच छिन्नीने टोचलेला आकडा:
चौऱ्याहत्तर.

व्हेस्टरकाम्प नावाचा तपासनीस म्हणाला,
वर चिलखत चढवा, तिरकं. मागे तोफ बसेल.
आणि "कृपया" म्हणाला.

बायका कुजबुजल्या, कच्चं ठेव सोलांज.
वरून गुळगुळीत, आत पोकळ. कोण बघतंय?
मी ठरवलं. खरंच ठरवलं.
डोळ्यांवर काच ओढली, कांडी टेकवली
आणि हाताला कच्चं येईना.
बापाने घडवलेला हात.
लोखंड वितळलं की आपला आपण संथ होतो,
कडेशी थांबतो, मागे वळून भरतो.
आत कोण बसणार, पत्र्याला ठाऊक नव्हतं.
हाताला नव्हतं.
मला होतं.

संध्याकाळी त्याने हातोडीने ठोकून पाहिलं.
घंटेसारखा नाद.
"उत्तम."
आणि, हे मी पाद्रीलाही सांगितलेलं नाही,
मला बरं वाटलं.

लढाई सरल्यावर, नॉर्मंडीत,
एका सफरचंदांच्या बागेत ती दिसली.
पट्ट्यांचं रबर गावाने
जोड्यांच्या तळांसाठी कापून नेलेलं.
चिलखताला तीन भोकं, पत्रा कागदासारखा वळलेला.
शिवण कुठेच उसवली नव्हती.

बागेची मालकीण ऑर्तांस
जळक्या कोठाराकडे बोट करून म्हणाली,
इथूनच डागली त्यांनी. आत माझा...
मग बोट खाली घेतलं.
जरा वेळाने म्हणाली,
"किती पक्कं बांधतात हो, हे जर्मन."

मी मान हलवली.
माझे हात कोटाच्या खिशात होते.