प्रकरण बावीस, फाइल तिसरी

आइला कायानीला राहते, मी ओउलूत.
अडीच तासांचा रस्ता. आम्ही कधी भेटलेलो नाही.
ती कपड्यांच्या कपाटात बसून कादंबऱ्या वाचते,
गुडघ्यावर टॅब्लेट, कपाळाला शिकाऱ्याचा दिवा,
आणि मी तिच्या वाचनातून
तिला वजा करतो.

आधी तिची शांतता घ्यायची.
दर फाइलच्या सुरुवातीला ती दहा सेकंद गप्प बसते,
तसं ठरलंय आमचं.
ते गप्प बसणं मशीनला दाखवतो:
ही बघ, ही नुसती खोली. नीट ओळखून ठेव,
आणि बाकी सगळीकडून उचलून ने.

टाचणी पडली तर ऐकू येईल म्हणतात,
ती शांतता आतून गजबजलेली असते.
फ्रिज एकाच सुरावर अडून बसलेला,
लाकडी भिंत गारठ्यानं कडकन मोडल्यासारखी,
आणि पहाटे सहाला बर्फ ओढणारा ट्रॅक्टर
अख्खं वाक्य खरवडून नेतो.

मग ओठांची चटचट.
एका प्रकरणात तीनशे, साडेतीनशे.
ब्लूबेरीतली पानं निवडावीत तसा निवडत बसतो.
हिरव्या सफरचंदानं तोंड कोरडं पडत नाही,
म्हणून मी तिला कळवलं, सफरचंद खा.
तिनं कळवलं, खाल्लं,
आता पोट बोलतंय.
तेही कापलं.

श्वासांचं मात्र जपून.
निम्म्यावर आणायचे, संपवायचे नाहीत.
सगळे काढले तर माणूस वाचतोय असं वाटत नाही,
दोन्ही अर्थांनी.

एकविसाव्या प्रकरणापर्यंत तिचा आवाज
लोकरीत गुंडाळून यायचा.
बाविसाव्यात तोच मायक्रोफोन, तेच वीतभर अंतर,
पण शब्दामागून शब्दाची सावली येऊ लागली.
'स' टोचू लागला.
'ट' कुठल्याशा फळीवर आपटून परत फिरला.
मी वरचे सूर उतरवले, खालचे चढवले,
वायर बदलायला सांगितली, तिनं बदलली.
जुनी शांतता नव्या आवाजाला बसेना,
दुसऱ्याचा बूट घातल्यासारखी.

तिसऱ्या फाइलला कळलं.
कपाटातून काहीतरी गेलंय.
जाड, रुंद खांद्यांचं.
दोन ओव्हरकोट असतील, एखादं मासेमारीचं जाकीट.
खूप आधी एका फाइलच्या शेवटी ती म्हणाली होती,
'माफ करा, अकराव्या मिनिटाला जिन्यावर रेयो आहे.'
आणि आठवलं,
एकोणिसाव्या प्रकरणापासून
जिन्यावरचे बूट कापावे लागले नव्हते.
मी ती सोय समजलो होतो.

काय लिहायचं?
एक ओळ टाइप केली, पुसली.
दुसरी केली, तिच्यातलं 'तुम्ही ठीक' पुसलं,
मग उरलेलंही.
कापाकापी हाच माझा धंदा.
शेवटी पाठवलं:
खोली जरा घुमतेय.
डाव्या बाजूला एखादी रजई टांगता येईल का?

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर:
डावी बाजू कशी कळली?

मला कळली नव्हती.
एकच माइक, त्याला डावं-उजवं नसतं.
सहज लिहून गेलो होतो.

काल नवी फाइल आली.
रजई टांगलीय. आवाज पुन्हा जवळ आलाय,
पण ही लोकर वेगळी, हिच्यात कापूस असावा.
सुरुवातीला ती गप्प बसते,
दहा सेकंद,
वीस,
चाळीस.
ट्रॅक्टर नाही, फ्रिजही थांबलेला.
मला लागणारे दहा मी घेतले.
उरलेल्या तिसाचं काय करावं
हे कुठल्याच नियमावलीत नाही.

त्यांत पस्तिसाव्या सेकंदाला
ओठ उघडल्याचा एक बारीक आवाज आहे.
पुढे शब्द नाही.
आज दोनदा त्याच्यावर कर्सर नेला,
आणि उठून कॉफी करून आलो.