दोन दहा

शारजात, रोला चौकामागे, तिसऱ्या मजल्यावर
दोन वकील, मी, आणि कुरकुरणारा एसी.
बिन सुवैदान साहेबांचं एकच पालुपद,
कुणी शोधलं की आपणच वर दिसलो पाहिजे.
मग त्यांचा पांढऱ्या कंदुऱ्यातला फोटो टाकला,
मागे जाडजूड पुस्तकं, तीही शेजारच्या ऑडिटरची,
खाली माझे दोन शब्द: अनुभवी, विश्वासू.

महिनाभर जिना रिकामा.

एका रात्री यादी उघडली,
लोक काय टाइप करत आपल्या दारी येतात त्याची.
मालिक पासपोट नही देता.
तीन महिने पगार नाही काय करू.
आणि अजमानहून, पहाटे दोन दहाला,
मेल्यावर बॉडी गावी कोण पाठवतं.

सकाळी मी अनुभवी पुसलं, विश्वासूही.
लिहिलं, पासपोर्ट तुमचा आहे. मागून घेऊ.
पहिल्या भेटीला पैसे नाहीत. शुक्रवारीही या.
साहेबांना नंतर सांगितलं.

आता दाराशी चपला मावत नाहीत.
साहेब खूश, तिसरा वकील येतोय, कोझिकोडचा,
पाटीवर सोनेरी अक्षरं.

मी रोज यादी बघते.
अजमान येतं, पुष्कळदा येतं.
दोन दहाचं नाही.