अंजिराला बॉयलर सूट

आखातात थंडी कसली, म्हणून
दिवे गावचे सोपानमामा फोनवर हसतात.
त्यांना इथला उन्हाळा पटतो :
नळाचं पाणी चहाला चालेल इतकं कढत,
एसीच्या नळीतून ठिबकतं तेवढंच गार,
तेच मी बादलीत धरून झाडांना घालते.
पण जानेवारी सांगितला की म्हणतात,
अगं, वाळवंट ना ते?

अहमदीतलं घर कंपनीचं.
अंगण सोळा पावलं, माती खारट, जिभेला कळते.
त्यात दोन अंजिरं.
एक मामांच्या मळ्यातलं :
वीतभर काडी ओल्या पेपरात,
पेपर पिशवीत, पिशवी ह्यांच्या बुटात, बूट बॅगेत.
दुसरं शेजारच्या उम्म नवाफने दिलेलं,
तिच्या आजोळच्या डोंगरातलं,
जिथे म्हणे बर्फ गुडघ्याला लागतो
आणि अंजीर खालून पुन्हा उठतं.
त्याची पानं अरुंद, बोटं फाकलेली.
माझ्याचं पान रुंद, टोपलीत अंथरायच्या कामाचं.

सतरा जानेवारी. शमाल सुटलेला.
मोबाइल म्हणाला, पहाटे उणे एक.
ह्यांची रात्रपाळी.
उम्म नवाफने भिंतीवरून डोकावून
आपल्या झाडाकडे बोट केलं : त्याला काही करू नकोस,
लाड केले की लाकूड पोचट होतं.
मग जरा थांबून, हळू :
ह्याला कर.

तांदळाची दोन गोणपाटं निघाली, चेन असलेली.
बुंध्यालाच संपली. वरच्या तीन फांद्या उघड्या.
चादरी पातळ, शाल एकुलती.
दोरीवर ह्यांचा जुना बॉयलर सूट वाळत होता, निळा,
छातीवर शिवलेलं : एस. खैरे.
दोन फांद्या बाह्यांत घातल्या, तिसरी गळ्यातून वर,
पोटात खजुराचा काथ्या नि सुकी पानं कोंबली,
पाय बुंध्याभोवती गुंडाळले, बटणं लावली,
आणि बाळंतिणीला बांधतात तसं
कमरेला ओढणीनं घट्ट.

साडेअकराला गस्तीचा मोतालेब
फाटकाशी थांबला, टॉर्च मारला,
सलाम केला,
उत्तर नाही म्हणून वाईट वाटून पुढे गेला.

मी झोपले नाही.
नवरा अंगणात उभा,
हात पसरून, काही न बोलता.
एवढा वेळ एका जागी तो माझ्यासमोर
लग्नातसुद्धा उभा नव्हता.
काचेतून त्याला बरंच सांगून टाकलं.
पुण्याचा फ्लॅट मला नकोय, हेही.

पहाटे नळाच्या तोंडाशी बर्फाचा पापुद्रा.
सहाला खरे खैरे आले, हातात डबा,
स्वतःला बघून थबकले.
म्हणाले, ह्याला पगार किती देतेस?

मार्चमध्ये सोडलं.
वरचं लाकूड नखानं खरवडलं : तपकिरी.
आणखी खाली : तपकिरी.
गोणपाटाच्या आत, मुळाशी,
दोन कोंब, अंगठ्याएवढे.
सूटचा पाय सोडवताना त्यातला एक मोडला.
डोंगरी शेजारी टोकापर्यंत फुटलेलं,
जणू काही झालंच नव्हतं.
मामा म्हणाले, खट्टा बहार गेला समज, मीठा बघ.
मामा, तुम्ही पाणी तोडून बहार धरता;
इथे पाणी तोडलं की झाडच तुटतं.

जूनमध्ये डोंगरीवर एक पिकलं.
फूल कुणी पाहिलं नाही. उंबराचीच ती भावकी,
फूल पोटात ठेवायची सवय.
सकाळी गेले तर बुलबुलानं अर्धं खाल्लेलं.
उरलेलं तिघांनी खाल्लं, भिंतीच्या दोन बाजूंनी.

सूट तीनदा धुतला.
कोंब मोडला तिथला चिकाचा डाग
पायावर आहे तसाच, चहाच्या रंगाचा.
हे तोच घालून रात्रपाळीला जातात.
काल प्लांटवर कुणी विचारलं म्हणे, कसला डाग?
मी म्हटलं, मग काय सांगितलंत?
बूट काढता काढता म्हणाले,
थंडीचा.