तळटीप

विषय मी निवडला नव्हता, खरं सांगायचं तर.
शिष्यवृत्ती मजुरांच्या इतिहासाला होती,
आणि याशच्या अभिलेखागारात सूतगिरणीच्या दप्तरात
पगारपत्रकांमध्ये अडकलेली एक वही निघाली:
दर तीन महिन्यांनी तपासलेल्या बायका,
वय, पाळीची तारीख, खाली डॉक्टरची सही.
डाव्या पानावर कापडाचं उत्पादन,
उजव्या पानावर पोटं.

मार्गदर्शक चष्मा पुसत म्हणाले, यात करिअर नाही.
शिवाय त्या बायका बोलायच्या नाहीत.
एवढं मात्र खरं होतं. पहिलं वर्षभर
मला नुसता चहा मिळाला, कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा,
आणि नातवंडांचे फोटो.

दुसऱ्या वर्षी बोलू लागल्या, पण दुसऱ्यांबद्दल.
शेजारीण. नणंद. ती वळणावर राहायची ती.
रक्त थांबेना म्हणून इस्पितळात नेलेली,
आणि खाटेशी स्टूल ओढून बसलेला वर्दीतला माणूस:
कुणी केलं ते नाव आधी सांग,
मग डॉक्टर हात लावतील.
नणंदेनं नाव सांगितलं नाही.
हे वाक्य मी चौदा मुलाखतींत ऐकलं.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

वेतूरियाबाई सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
ते यंत्र मिटव, म्हणाली,
आणि माझ्या हनुवटीकडे बघत राहिली.
‘तू प्रोफिराची. शिवणखात्यातल्या.
सदुसष्टच्या नोव्हेंबरात आली होती, पैसे मोज्यात घालून.
आदल्याच आठवड्यात एक माझ्या हातून गेली होती.
मी दार उघडलं नाही. आतून ऐकत बसले
तुझी आई जिन्यात किती वेळ उभी आहे ते.’

मी अडुसष्टच्या जूनची.

परिषदेत हमखास कुणीतरी उठतं,
बहुधा पुरुष, बहुधा फार नम्र:
पण मॅडम, तुम्हीच जन्मला नसता तर?
माझ्याकडे उत्तर होतं, संदर्भांसकट.
त्या संध्याकाळी सात मजले उतरताना
ते पायरीपायरीवर सांडत गेलं.

आई आलुबुखारातल्या बिया काढत होती. बोटं जांभळी.
विचारलं. तिचा हात थांबला नाही.
‘तू झालीस ते चांगलंच झालं.
तुझ्याविषयी माझी काही तक्रार नाही.
पण मला कुणी विचारलं नव्हतं.’
मग सुरी ॲप्रनला पुसून:
‘दोन्ही लिही. एकच लिहिलंस
तर मी वाचणार नाही.’

दोन्ही लिहिलं. मुख्य मजकुरात बसेना,
तळटीप झाली, अर्ध्या पानाची.
परीक्षकांनी समासात लिहिलं: लांबली आहे.

नावं बदलायची असतात, नियम आहे.
आपलं तिनं स्वतःच निवडलं: ओलिंपिया.
गिरणीच्या संचालकाच्या बायकोचं होतं म्हणे,
फरचा कोट घालून यायची नाताळात.
‘तिला कधी रांगेत उभं केलं नाही,’
आई म्हणाली,
आणि पुढचं फळ उचललं.