छाट

विडी घरकुलात दुपारी दोनला
पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो.
प्रसूतिगृहाच्या पायरीवर बालनरसम्मा बसलेली.
दाई होती. आता नाही.
रजिस्टरात दाईला रकाना नाही,
म्हणून मी तिला 'नातेवाईक' लिहिते,
रोज वेगळ्या बाईची.

मी बार्शीकडची. इथं बदली झाली
तेव्हा आधी भाषा शिकले, तीही एवढ्यापुरतीच.
तेलुगूत मुक्कू.
मुक्कू म्हणजे नाकसुद्धा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी ओरडतेय मुक्कू, मुक्कू,
आणि एका पहिलटकरणीनं दोन कळांच्या फटीत
स्वतःचं नाक धरून दाखवलं, हसत.
कन्नडमध्ये उसिरु बिडु, श्वास सोड.
शास्त्रीनगरच्या बायकांना, जोर लगाओ आपा, हो गया बस.
मराठीत आपण म्हणतो कळ काढ.
म्हणजे सोस.
ढकल, असं कुठं म्हणतो?

श्रीलता येमूल रिक्षातून उतरली,
तिसरी खेप, आठवा महिना संपता संपता.
खाटेवर बसली तीही मांडीवर सूप असल्यासारखी.
नखांत तंबाखू. हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
सकाळपासून सहाशे वळून आलेली.
उरलेल्या चारशे सासूनं वळायच्या की जावेनं,
हा तिचा प्रश्न.
माझा वेगळा होता.

सिव्हिलला फोन लावला. गाडी अशोक चौकात,
पुढे कुणाची तरी वरात.
बाळ थांबलं नाही.

अठराशे ग्रॅम.
श्रीलता कोपरावर उठून काट्याकडे बघत होती,
कारखान्यात चेकर जुडी उचलतो
तेव्हा बघते तशी.
"सिस्टर," ती म्हणाली, "छाट तर नाही ना?"

छाट म्हणजे,
सोलापूरबाहेर हे सांगावं लागतं,
हजारातून बाजूला काढलेल्या विड्या.
पान फाटकं, तोंड नीट न मिटलेलं, वजनाला हलक्या.
त्यांचे पैसे मिळत नाहीत.
विड्याही परत मिळत नाहीत.

मी उत्तर देणार होते.
पण खाली चादर भिजायला लागली होती,
आणि ते भिजणं थांबत नव्हतं.

सुई दिली. सलाईन लावायला शीर सापडेना,
आया चहाला गेलेली,
एका हातानं पोट चोळत दुसऱ्यानं सुई धरता येत नाही
हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नीट सांगत नाहीत.
मी हाक मारली, कुणाला ते आठवत नाही.

बालनरसम्मा उठली.
नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा,
मधे साबण पडला तो उचलून पुन्हा.
मग श्रीलताच्या बेंबीखाली तळवा ठेवला
आणि डोळे मिटले.
तिला पिशवी सापडली
अंधारात घरचं मांजर सापडावं तशी.
दाबत राहिली, गोल, गोल, जात्याच्या लयीत,
तोंडानं तेलुगूत काहीतरी रागावत.
शिव्या असाव्यात.
मला शीर मिळाली.

कधीतरी तिनं माझा हात ओढून तिथं ठेवला.
कच्च्या नारळासारखं घट्ट.
आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं नाही,
पॅडकडे बघत होतो.

बाळ आईच्या छातीवर, कातडीला कातडी,
वरून टॉवेल, सेकंड मालातला,
काठाचा एक धागा सुटलेला.
श्रीलता तो धागा
बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.
बोटं रिकामी राहायची सवय नाही.
"नाही," मी म्हणाले.
"काय नाही?"
ती विसरली होती. की मला पुन्हा ऐकवायचं होतं तिला.
गाडी आली.

चारला मी रजिस्टर उघडलं.
पायरीवरून बालनरसम्मा
मिसरीचा डबा शोधत, मान न वळवता,
"आज मी कुणाची, सिस्टर?"

पेन उमटत नव्हतं.
पानाला माझ्या हाताची ओल लागली होती.