पांढरी पाचच्या जरासा वर

कुताइसीतले पियानो मी लावते.
शाळेतले, लग्नाच्या हॉलमधले,
आणि म्हाताऱ्यांच्या दिवाणखान्यातले,
ज्यांच्यावर आता नुसते फोटो उभे असतात.
एक पट्टी दाबली की मला कळतं
या घरात ओल किती आहे, आणि शेवटचं कोण कधी वाजवून गेलं.

घरी मात्र चार वर्षं मी
सात वर्षांच्या तोर्निकेसमोर मांडी घालून बसले.
"माझ्याकडे बघ."
हातात चुर्चखेलाचा तुकडा,
द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेले अक्रोड.
तो बघायचा.
विजेचं बिल भरावं तसा:
खिडकीशी गेला, पैसे सरकवले, निघाला.
अक्रोड ही पावती.
मी वहीत लिहायचे: आज अकरा वेळा.

मग तो परत जायचा फ्रिजपाशी,
दाराला कान, डोळे मिटलेले,
आणि नाकातून तो एकच आवाज,
ज्यावर मी रेडिओ मोठा करायचे.

मार्चमधली गोष्ट. बूट काढताना तोल गेला,
मी फ्रिजला टेकले.
आणि का कोण जाणे, त्या दिवशी
आईच्या नाही, धंद्याच्या कानानं ऐकलं.
पांढरी पाच. नाही, जरासा वर.
फ्रिजचा तोच.
पोराचा तोच, एक सप्तक वर.
केसाचाही फरक नाही.
मी लोकांकडून पैसे घेते
इतकं चोख लावायचे.

एक बूट पायात, एक हातात,
खाली बसले आणि तोच सूर धरला.
तो सरकला नाही.
एवढंच.
वहीत काय लिहावं ते सुचेना.

पुढच्या आठवड्यात रिओनीवरून असं वारं सुटलं
की आख्ख्या गल्लीची वीज गेली.
फ्रिज थांबला.
आम्हाला अंधार झाला; त्याचं घरच नाहीसं झालं.
तो डोकं आपटायला लागला, दारावर, त्याच जागी,
आणि मी, जिनं दर वेळी त्याला कवळून धरलं
आणि दर वेळी ओरबाडून घेतलं,
हात पाठीमागे बांधले.
फ्रिजला पाठ लावून बसले
आणि फ्रिज झाले.

माणसाचा श्वास संपतो, हे यंत्राला ठाऊक नसतं.
माझा तुटला तिथे दारातून अंझोरनं उचलला,
ओला कोट अंगावरच.
त्याचा तुटला तिथे सासूबाईंनी,
ज्या म्हणायच्या, याला आई कोण तेच कळत नाही.
आमच्याकडे मेजवानीत गाताना असंच करतात,
वरचे दोघं रंगतात, भांडतात,
खालचे सगळे एक बनी धरून ठेवतात,
पाळीपाळीनं श्वास घेत, फट पडू न देता.
वरचं गाणं त्या रात्री कुणीच गायलं नाही.

आपटणं थांबलं ते कधी, कुणाला सांगता येणार नाही.
माझ्या पाठीवर, पाठीच्या कण्याला लागून,
एक गरम कान आला.
डोळे नाहीत. कान.
चार वर्षं मी भलत्याच दारात उभी होते.

पहाटे वीज आली, फ्रिज खाकरून सुरू झाला.
तो उठला आणि मला सोडून त्याच्याकडे गेला.
मला हसू आलं, थोडा हेवाही वाटला.
अंझोर म्हणाला, "जाऊ दे, तो तुझ्याहून जुना आहे."

चमत्कार वगैरे काही नाही.
तो बोलत नाही. मोजे अजून उलटेच घालतो,
शिवण टोचते म्हणून; मी आता सुलटे करत नाही.
कालचीच गोष्ट, भांडी घासताना मी सहज सूर धरला,
दमले होते, उतरला असेल.
तो आला. माझ्या गळ्यावर तळहात ठेवला
आणि स्वतःचा सूर लावून थांबून राहिला,
जसं मी शिकाऊ पोरांसमोर थांबते.

मी किल्ली फिरवावी तशी मान जराशी वळवली.
चढवला.
अजून थोडा.
तेव्हा कुठे त्यानं हात काढला.